खोलीत कोण कोण झोपतं?

गजराचं घड्याळ मागायला आलेल्या माणसासमोर मी लगेच घड्याळं मांडत नाही. आधी विचारतो, तुम्ही झोपता त्या खोलीत आणखी कोण कोण झोपतं? पुष्कळांना हा प्रश्न आगाऊ वाटतो. काहीजण हसतात, एखादी बाई संकोचते. पण मलकापुरात स्टेशन रोडवर घड्याळांचं दुकान चालवताना, आधी वडिलांच्या हाताखाली आणि पुढे एकट्यानं, मला या वस्तूबद्दल जे समजलं ते याच प्रश्नातून. भिंतीवरचं घड्याळ सगळ्या घराचं असतं, मनगटावरचं एकाचं. उशाजवळचं घड्याळ घेतलेलं असतं एकासाठी, पण वाजतं सगळ्यांसाठी. चांगलं गजराचं घड्याळ उठवायचं त्याला उठवतं आणि बाकीच्यांना झोपू देतं. त्याची घडण, त्याची किंमत, त्याचं नाव हे सगळं मी याच एका कसोटीला लावतो.

आमच्याकडे घरं लहान. उन्हाळ्यात निम्मं घर गच्चीवर झोपतं, थंडीत सगळे एकाच खोलीत. त्यात कामाच्या वेळा अशा की पहाटेच्या दोघा-तिघांच्या वेळा जुळत नाहीत. जिनिंगचा हंगाम असला की कोणाची रात्रपाळी असते. मार्केट यार्डात माल आणणाऱ्याला गाडीत जागा धरायला लवकर निघावं लागतं. मुंबईहून येणारी विदर्भ एक्स्प्रेस मध्यरात्र उलटल्यावर येते, तिच्यावर कोणाला तरी पाहुणा घ्यायला जायचं असतं. रमजानमध्ये सहरीसाठी उठायचं असतं, कार्तिकात काकड्याला. आणि या सगळ्यांपेक्षा जास्त गजर आमच्याकडून गेले ते शेतकऱ्यांकडे.

एकदा ऐन थंडीत एक तरुण शेतकरी आला. म्हणाला, "भाऊ, असा अलारम द्या का मले जाग आली पाह्यजे, पण लेकरू नाही उठलं पाह्यजे." घरात बाळंतीण बायको, महिन्या-दीड महिन्याचं बाळ. आणि त्या आठवड्यात थ्री फेजची पाळी रात्रीची. कृषिपंपांची वीज आपल्याकडे वर्षानुवर्षं पाळीनं मिळत आली, दिवसाची पाळी आठ तासांची, रात्रीची दहा तासांची. हरभऱ्याला, गव्हाला, कांद्याला ओलित करायचं तर रात्री बाराला, एकला उठून विहिरीवर जायचं. पंप आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच मिळतो, पण एकाच डीपीवरचे, म्हणजे रोहित्रावरचे, सगळे पंप वीज आल्याबरोबर एकदम सुरू झाले तर डीपीवर भार येतो, कधी ती जळते, आणि मग आठवडाभर कोणालाच वीज नाही. म्हणून समजूतदार शेतकरी स्वतः जातो. शिवाय पंप सुरू झाला तरी पाणी वाफ्यातून वाफ्यात वळवायला माणूस लागतोच. अंधारात, बांधावरून, हातात बॅटरी घेऊन.

अशा माणसाला मोठ्या आवाजाचं घड्याळ देणं म्हणजे त्याच्या बायकोवर अन्याय. तिची झोप आधीच तुकड्या-तुकड्यांची. मी त्याला चढत्या आवाजाचं घड्याळ दिलं. त्यात पहिले काही सेकंद एकेक बारीक टोला येतो, मग दोन-दोन, मग घाईघाईनं. सावध झोपणारा माणूस पहिल्याच टप्प्याला हात टाकतो. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, बंद करायची कळ डोक्यावर आणि पसरट असावी, म्हणजे बोट शोधत बसावं लागत नाही, सगळा तळवा टेकला तरी चालतं. दुसरं, घड्याळ हाताच्या अंतरावर असावं आणि पत्र्याच्या पेटीवर नसावं. पत्र्याची पेटी आवाज दुप्पट करते. खाली घडी केलेलं फडकं ठेवलं की आवाज फक्त उशापुरता राहतो. माझ्या वडिलांच्या काळात लोक नेमकं उलट करायचे. चावीचा टाइमपीस पितळेच्या परातीत ठेवायचे, शेजारी दोन-चार नाणी, म्हणजे तो वाजला की सगळा वाडा उठे. तेव्हा सगळ्या वाड्यालाच उठायचं असायचं.

त्या तरुणानं घड्याळ घ्यायच्या आधी मी त्याला डोळे मिटायला सांगितले, घड्याळ गल्ल्यावर ठेवलं आणि गजर लावला. डोळे मिटूनच बंद करा म्हणालो. हे मी प्रत्येकाला करायला लावतो. दुकानात दिव्याखाली सगळीच घड्याळं शहाणी दिसतात. खरं गिऱ्हाईक म्हणजे अर्धवट जागा झालेला हात. त्या हाताला अक्षरं वाचता येत नाहीत, रंग दिसत नाहीत, त्याला फक्त उंचवटे आणि खाचा कळतात. म्हणून मागच्या बाजूला वेळ लावायची आणि गजर लावायची अशी दोन सारखीच बटणं असलेलं घड्याळ मी शक्यतो ठेवत नाही. रात्री दिवा न लावता गजर पुढे-मागे करायला गेलं की चुकून वेळच फिरते, आणि दुसऱ्या दिवशी सगळं घर अर्धा तास उशिरा चालतं. एक बटण गोल, दुसरं पाकळीदार, किंवा एक मोठं आणि एक बारीक, एवढा फरक करायला कारखान्याला फारसा खर्च येत नाही.

याच्या अगदी उलट गिऱ्हाईक म्हणजे झोपेत गजर बंद करून पुन्हा झोपणारं. बारावीची मुलं, अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसणारी स्पर्धापरीक्षेची मुलं. त्यांचे वडील येतात आणि "स्नूझचं द्या" म्हणतात. हे स्नूझचं बटण १९५६ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या टेलिक्रॉन घड्याळात आलं, आणि नऊ मिनिटांची सूट देण्याची पद्धत पुष्कळ घड्याळांत अजून चालू आहे. मी त्या वडिलांना ते घेऊ देत नाही, निदान परावृत्त करून पाहतो. नऊ मिनिटांत झोप पुरी होत नाही, फक्त पुन्हा मोडते, आणि मूल तासभर जड डोक्यानं बसतं. त्यांना मी साधं, एकदाच वाजणारं, घंटेचं घड्याळ देतो आणि ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, उभं राहिल्याशिवाय हात पोहोचणार नाही असं ठेवायला सांगतो. अर्थात खोली त्याची एकट्याची असेल तरच. आजी त्याच खोलीत झोपत असेल तर हिशेब पुन्हा बदलतो.

आजी-आजोबांवरून आठवलं. एक निवृत्त काका एकच घड्याळ पुन्हा पुन्हा दुरुस्तीला आणायचे. तक्रार एकच: गजर वाजत नाही. मी उघडायचो, सेल तपासायचो, पितळी पट्ट्या पुसायचो, गजर लावून बघायचो. व्यवस्थित वाजायचा. काका मात्र ठाम. एके दिवशी ते समोर बसलेले असताना मी गजर लावला. पीं-पीं-पीं सुरू झालं, रस्त्यावरच्या माणसानं मान वळवली, आणि काका शांतपणे माझ्याकडे बघत म्हणाले, "लाव ना मग." त्या क्षणी लक्षात आलं की घड्याळ निरोगी आहे, पण त्यांच्या कानापर्यंत तो सूर पोहोचतच नाही.

वय वाढलं की आधी बारीक, उंच सूर ऐकू येईनासे होतात. बोलणं ऐकू येतं, ढोलकी ऐकू येते, पण कुकरची शिटी, मोबाइलची पीं-पीं निसटते. सेलवरच्या स्वस्त गजरात बारीकसा बझर असतो आणि त्याचा आवाज नेमका त्या वरच्या पट्टीत असतो. पुढे मी याबद्दल वाचलं. आगीच्या धोक्याच्या भोंग्यांवर ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत अभ्यास झाले. सेकंदाला तीनएक हजार कंपनांच्या बारीक शिटीपेक्षा ५२० कंपनांचा जाडसर, खरखरीत सूर झोपलेल्या माणसाला जास्त खात्रीनं उठवतो असं त्यांत दिसलं. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी झोपण्याच्या खोलीत असाच खालचा सूर वापरावा असा नियमही अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या संहितेत आला. काकांना मी जुन्या पद्धतीचं, वर दोन वाट्या आणि मध्ये हातोडी असलेलं घड्याळ दिलं. त्या घंटेत बारीक सूर असतो तसा जाडही असतो, आणि टेबलाचा थरकापही हाताला लागतो. काका त्यानंतर दुरुस्तीला आले नाहीत, गप्पा मारायला मात्र येतात. पन्नाशीच्या वरचं गिऱ्हाईक आलं की आता मी त्याची पाठ माझ्याकडे करायला सांगतो आणि तीन वेगवेगळे गजर वाजवतो. कोणता आधी कानी पडला ते विचारतो. हे करायला अर्धं मिनिट लागतं आणि माणसाचं पुढच्या कितीतरी वर्षांचं काम सोपं होतं.

काट्यांच्या घड्याळात एक अडचण आहे जी डब्यावर कुठेच लिहिलेली नसते. लोक मला विचारतात, आपल्याकडे उन्हाळ्यात एवढी गरमी, घड्याळ मागे पडणार नाही का? पडतं, पण किती ते ऐका. सेलवरच्या घड्याळात क्वार्ट्‌झचा बारीक चिमट्यासारखा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. तो साधारण २५ अंशांना सगळ्यात अचूक असतो, त्याहून जास्त किंवा कमी तापमानात थोडा मंदावतो. खोली अहोरात्र ४० अंशांवर राहिली तरी महिन्याला वीसेक सेकंद मागे. इतक्यानं कोणाची गाडी चुकत नाही. गाडी चुकते ती गजराच्या काट्यामुळे. हा काटा लावला तिथेच उभा राहतो, आणि तासाचं चक्र बारा तासांत एक फेरा घेत त्याच्याशी जुळलं की गजर वाजतो. त्यामुळे पाच मिनिटं म्हणजे फक्त अडीच अंश. काट्याची जाडीच तेवढी असते. आत दातेरी चक्राची खाच सैल असली की सहाला लावलेला गजर पावणेसहाला किंवा सहा वाजून दहा मिनिटांनी वाजतो.

म्हणून विकण्याआधी प्रत्येक घड्याळाचा गजर सहावर ठेवून मी वेळेचा काटा हळूहळू पुढे नेतो आणि कोणत्या मिनिटाला वाजलं ते बघतो. मागे कागदाची चिठ्ठी चिकटवतो: "सहाला लावल्यास पाच त्रेपन्नला वाजतं." ही सवय वडिलांची. त्यांनी चावीच्या टाइमपीसवर खडूनं लिहायला सुरुवात केली होती. गजराचा काटा बाणाच्या दिशेनंच फिरवायचा, उलटा फिरवला तर ती खाच झिजते, हेही मी प्रत्येकाला हातात हात धरून दाखवतो.

बारा तासांच्या फेऱ्याची दुसरी बाजू पाळीवाल्यांना भोगावी लागते. काट्याच्या घड्याळाला सकाळचे सात आणि संध्याकाळचे सात सारखेच. रात्रपाळी करून आलेल्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर सकाळी नऊला झोपतात, त्यांना संध्याकाळी उठायचं, मग दुसऱ्या दिवशी दिवसपाळी. त्यांना काट्यांचं घड्याळ उपयोगाचं नाही, आकड्यांचं द्यावं लागतं, ज्यात दोन-तीन वेगळे गजर लावता येतात. मात्र आकडे लाल असावेत आणि प्रकाश कमी करता यावा. निळा उजेड मेंदूला दिवस असल्याचं सांगतो, झोपेचं रसायन कमी करतो. चकचकीत निळे आकडे दुकानात फार देखणे दिसतात, विकलेही पटकन जातात. आणि थेट प्लगवर चालणारं घड्याळ घेऊच नये, किंवा आत सेलची सोय आहे का ते बघून घ्यावं. वीज गेली आणि आली की ते बारावर लुकलुकत बसतं. भारनियमनाच्या काळात अशी घड्याळं लोकांनी माळ्यावर टाकून दिली.

एस.टी.च्या मुक्कामी गाडीच्या चालकांचं मला फार कौतुक वाटतं. मलकापूर आगाराची गाडी संध्याकाळी एखाद्या गावी जाते, चालक-वाहक तिथेच रात्र काढतात, आणि पहाटे शाळा-कॉलेजची मुलं, दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसं, दूध-भाजीवाले यांना घेऊन परत निघतात. हा माणूस उठला नाही तर सगळं गाव थांबतं. त्यांना मी झाकणाचं, मिटणारं प्रवासी घड्याळ देतो. पिशवीत आपटलं तरी कळ दाबली जात नाही. रेल्वेनं यासाठी पूर्वी माणूसच नेमला होता. आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर भुसावळ, तिथे इंजिन चालवणाऱ्यांची मोठी वस्ती. कॉलबॉय वही घेऊन घरोघरी जायचा, दार ठोठावून चालकाला उठवायचा आणि सही घ्यायचा. आता तो निरोप मोबाइलवर येतो. त्या वहीतली सही मला अजून महत्त्वाची वाटते. माणूस खरंच उठला का, याची खात्री कोणतंही घड्याळ देत नाही.

तबकडीबद्दल थोडं. रात्री वेळ बघायची तर तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: तासकाटा, मिनिटकाटा आणि गजराचा काटा, आणि तिन्ही एकमेकांपासून वेगळे. चंदेरी तबकडीवर चंदेरी काटे मी मागवत नाही. लोक "रेडियमचे काटे" मागतात. आता त्यात रेडियम नसतं, दिवसाचा उजेड पिऊन रात्री चमकणारं निर्धोक रसायन असतं. पण जुने विलायती टाइमपीस येतात त्यांत खरं रेडियम असू शकतं. त्याची चमक काही दशकांत मरते, कारण चमकणारं रसायन थकतं, रेडियम मात्र तसंच राहतं, त्याचं निम्मं होण्यासाठीच १,६०० वर्षं लागतात. १९२०च्या सुमारास अमेरिकेत असे आकडे रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठानं सारखं करत, आणि त्यांतल्या पुष्कळजणी भयंकर आजारानं मेल्या. अशा तबकडीला मी खरवडत नाही, काच उघडीही ठेवत नाही. घरात लहान मूल असेल तर ते घड्याळ उशाला नको, कपाटात काचेआड ठेवा, असं स्पष्ट सांगतो.

माझ्या कसोटीला उतरणारं खरं सुंदर घड्याळ मी हाताळलं ते जर्मनीत राहणाऱ्या इथल्याच एका मुलानं आईला आणलेलं. ब्राउन कंपनीचं, काळं, तळहातात मावणारं चौकोनी. डीट्रिच लुब्स यांनी १९८७ साली बेतलेलं, डीटर राम्स कंपनीच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते तेव्हाचं. काळ्या तबकडीवर पांढरे आकडे, सेकंदकाटा पिवळा, आणि सजावट म्हणून एक रेघही नाही. सेल बदलायला आलेलं ते घड्याळ मी दोन दिवस मुद्दाम ठेवून घेतलं, त्या मावशींना विचारून. रात्री दिवा मालवून, डोळे किलकिले करून बघितलं. झोपेतल्या डोळ्याला आकडे वाचायचे नसतात, काट्यांचा कोन ओळखायचा असतो, हे त्या तबकडीनं मला शिकवलं. तेव्हापासून नक्षीदार, सोनेरी, देवाच्या चित्रांची गजराची घड्याळं मी भिंतीसाठी सुचवतो, उशासाठी नाही. साठ-सत्तर रुपये जास्त मोजून साधं घ्या, हे गिऱ्हाइकाला पटवणं अवघड असतं, तरी मी पटवतो.

सेलचंही सांगायला हवं. सेल उतरायला लागला की काटे चालूच राहतात, कारण त्यांना नगण्य वीज लागते. आवाज मात्र आधी मरतो. म्हणजे घड्याळ बरोबर वेळ दाखवतं आणि पहाटे मुकं होतं. थांबलेलं घड्याळ परवडलं, ते निदान दिसतं. म्हणून माझ्या गिऱ्हाइकांना मी दसऱ्याला, अवजारं पुजतात त्या दिवशी, सेल बदलायला सांगतो. चालत असला तरी बदला. काढलेला सेल रिमोटमध्ये घाला.

मोबाइल असताना हे सगळं कशाला, असं तरुण मुलं विचारतात. मोबाइल चांगला गजर देतो, हे मी नाकारत नाही. पण तो उशाशी आला की सोबत सगळं जग येतं. आता आई-वडील घड्याळ मागतात ते बहुधा एवढ्यासाठीच, की मोबाइल रात्री स्वयंपाकघरात ठेवता यावा.

आपल्याकडची बहुतेक घड्याळं मोरबीहून येतात. गुजरातमधल्या त्या गावात १९७१ साली अजंता ही घड्याळांची कंपनी सुरू झाली, ती उभी करणारे ओधवजी पटेल शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी घड्याळ इतकं स्वस्त केलं की शेतातल्या झोपडीतही ते पोहोचलं. या लोकांबद्दल मला आदर आहे, म्हणूनच माल घेऊन अकोल्याहून येणाऱ्या प्रतिनिधीला मी दर खेपेला तीच मागणी लिहून देतो. गजराचा सूर खाली आणा, निदान जाड आणि बारीक असे दोन पर्याय द्या. मागची दोन बटणं हाताला वेगळी लागू द्या. गजराचा काटा तबकडीच्या रंगाचा नको. पंचवीस-तीस रुपये वाढले तरी मलकापूरचं गिऱ्हाईक देईल, ती जबाबदारी माझी. मागच्या महिन्यात त्यानं जाड आवाजाचा एक नमुना आणला होता. काकांना बोलावून ऐकवला. त्यांनी मान हलवली, पण अजून थोडा खाली पाहिजे म्हणाले. ते मी तसंच्या तसं कागदावर लिहून परत पाठवलं आहे.